वस्त्रगाळ मंगळ

“हात गळ्यावरून काढ आधी,” काकू म्हणाल्या. “गळा धरून मरतात ते नाटकातले.”

पलंगासमोरच्या खुर्चीत बसलेल्या नटीनं हात खाली घेतला आणि ती ओशाळून हसली.

“मग हात कुठे ठेवू?”

“कुठं तरी टेकव. टेबलावर, गुडघ्यावर, मिळेल तिथं. दम लागलेल्या माणसाचे हात कधी मोकळे नसतात, पोरी. सगळं अंग त्यांनीच तोलून धरलेलं असतं. हां, असं. आता खांदे वर. आधी खांदे, मग श्वास. आणि माझ्याकडे बघू नकोस. अशा वेळी माणूस कुणाकडे बघत नाही, एक जागा धरून ठेवतं. मी तो खिळा धरते, बघ.”

समोरच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. नटी त्याच्याकडे बघत खांदे वर-खाली करू लागली. काकूंनी मान हलवली. अजून जमत नव्हतं, पण पोरीत इच्छा होती.

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे धरून मास्तर उभे होते. चहा कधीच झाला होता, वर साय धरायला लागली होती, पण पाय उचलत नव्हता. ही पोरगी दम कसा लागतो ते शिकून, चहा पिऊन, पिठाचा विषय न काढता सुखरूप आपल्या घरी जावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांना पेलवेल असं दुसरं काही मागणं आता उरलंच नव्हतं.

पोरगी म्हणजे कुणी ऐरीगैरी नव्हे. गेली आठ वर्षं ही बाई मंगळावर राहत होती. मंगळावरच्या मालिकेतली कप्तान ती. घराघरांतली लहान पोरं डोक्यावर बादल्या पालथ्या घालून तिच्यासारखी मंगळावर उतरायची. मोठी माणसं, ज्यांना शेजारच्या गल्लीचा पत्ता धड सांगता यायचा नाही, ती मंगळावरच्या दऱ्यांची नावं पाठ म्हणायची. आत्ताही खाली तिच्या गाडीभोवती ही गर्दी जमली होती. आणि उद्या ती मरणार होती. हेल्मेटची काच फुटून, आजवरच्या सगळ्यात मोठ्या वादळात, उघड्या तोंडानं. दिग्दर्शकाला ते मरण खरंखुरं हवं होतं. कुणीतरी बोलून गेलं, अहो, आपल्या मास्तरांच्या घरी दम्याची पेशंट आहे की. मास्तरांच्या तोंडून ‘नको’ निघेपर्यंत भेटीची वेळ ठरलीसुद्धा.

मास्तर म्हणजे वादळमास्तर. मालिकेतलं प्रत्येक वादळ त्यांचं. पहिल्या वर्षी त्यांनी विटांचा भुगा उडवला होता. तो हवेत जायचा आणि दाणकन खाली यायचा. दिग्दर्शक खवळला. “हा मंगळ आहे का वीटभट्टी?” सगळ्या सेटसमोर म्हणाला. मास्तरांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग त्यांनी लाकडाचा भुसा पाहिला, कोको पाहिला, रंगवलेला मैदा पाहिला. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी फरशी कापायच्या कारखान्यात गेले असताना यंत्राखाली साचलेलं दगडाचं पीठ त्यांनी चिमटीत धरून फुंकलं आणि ते खाली आलंच नाही. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात ते नुसतं तरंगत राहिलं. मास्तर तिथंच मांडी ठोकून बसले आणि बघत राहिले. आयुष्यात एवढं सुंदर काही आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

त्या पिठात गेरू मिसळायचा, यंत्रावर चाळायचं, मग पातळ कापडातून दोनदा गाळायचं. वस्त्रगाळ. जाड ते परत दळायचं, बारीक तेवढं घ्यायचं. स्टुडिओच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यासाठी चार बायका बसवल्या आणि त्यांच्यावर मास्तरांनी आपली बायको नेमली, कारण असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बोटांवर घेऊन तिला कळायचं, एक गाळणी कमी पडलीय. शेडला खिडकी नव्हती. वाऱ्यानं पीठ उडून जाऊ नये म्हणून ती मास्तरांनीच पत्रा ठोकून बंद केली होती.

मालिका चढत गेली तसा काकूंचा मानही चढत गेला. गल्लीतली पोरं त्यांना मंगळकाकू म्हणायला लागली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नवा भाग लागला की त्या पडद्याला नाक लावून बसायच्या. कप्तान काय बोलते, तिचं कुणाशी जमतं, याचं त्यांना फारसं पडलेलं नसे. मागे धुळीचा पडदा उठला की म्हणायच्या, “हे माझं मंगळवारचं. हे शनिवारचं, जरा जाड राहिलंय.” एकदा बातम्यांत खऱ्या मंगळाचा फोटो दाखवला. यानानं काढलेला, खरा. काकूंनी तो नीट पाहिला आणि निकाल दिला, “फिक्का आहे. आपला बरा.”

“काकू,” आता नटी विचारत होती, “लोकांना एवढा का आवडतो हो मंगळ? मी आठ वर्षं तिथं आहे, पण मला नाही कळलं. तिथं तर काहीच नाही.”

काकूंनी उत्तर द्यायच्या आधी श्वास गोळा केला. नाकातली नळी सारखी केली. पलंगाखालचं ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं.

“अगं, माणसाला शेजारी लागतोच,” त्या म्हणाल्या. “भांडायला… का होईना. शेजारचं घर रिकामं असलं… तरी आपण म्हणतोच ना… की काल तिथं दिवा दिसला. कुणीतरी हलल्यासारखं… वाटलं.” आणि मग थांबून, “बघ. बोलायचं असं. तीन शब्द… मग थांबायचं. वाक्य पुरं होईल… याची खात्री नसते. म्हणून महत्त्वाचं… आधी बोलायचं.”

नटीनं ओठ हलवत तेवढेच शब्द, तेवढ्याच तुकड्यांत म्हणून पाहिले. जमले. इतके हुबेहूब जमले की दारातल्या मास्तरांना पलंगाकडे बघून घ्यावं लागलं, बोललं कोण.

त्यांना पहिला दवाखाना आठवला. खोकला लागून चार महिने झाले होते. डॉक्टरांनी छाती तपासून काकूंना विचारलं होतं, “दगडाच्या खाणीत वगैरे काम करता का?” काकू काही म्हणणार, तेवढ्यात मास्तरच पुढं होऊन बोलले होते, “छे हो, खाण कुठली! आम्ही टीव्हीत काम करतो. मंगळ करतो.” डॉक्टर हसले. काकूही हसल्या. टीव्हीतल्या गमतीजमती विचारत विचारत डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि काकूंनी त्या इमानेइतबारे खाल्ल्या. त्यांची चाळणीवरची जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांची सख्खी धाकटी बहीण तिथं जाऊन बसली. सगळे तिला धाकटीच म्हणत. पुढे मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि काचेवर फोटो लावून दाखवला. फुप्फुसं पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. “हा दगड आहे,” त्या म्हणाल्या. “आत बसलाय. आता निघायचा नाही, आणि आहे तेवढ्यावर थांबायचाही नाही. यांच्याबरोबर अजून कुणी काम करतं का?”

“नाही,” मास्तर म्हणाले होते.

का म्हणाले? तेच त्यांना वर्षभर उमगलं नव्हतं. बाहेर बाकावर बायको बसली होती, तिनं नुसत्या भुवया उंचावून विचारलं, आणि मास्तरांच्या तोंडून निघालं, “सूज आहे म्हणतात. वेळ लागेल.” ती एवढी निर्धास्त झाली की मग सांगायचं कसं? शेडमधल्या बायकांना सांगावं, तर त्या दर रविवारी हिला बघायला येणार. त्यांना कळलं की हिला कळलंच. आणि हिला कळणार ते काय? की हे माझ्या नवऱ्यानं आपल्या हातानं शोधून आणलं, मला शिकवलं, वर खिडकीही बंद केली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मास्तर मूग गिळून बसले. मनात म्हणायचे, ही आहे तोवर. ही गेली की दुसऱ्या दिवशी शेड बंद करतो. असं मनात आलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटायची, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच मनात यायचं.

आणि या हिवाळ्यात धाकटी खोकायला लागली. कोरडा, बारीक खोकला. मास्तरांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते वादळ उठवायच्या पंख्याला तेल घालत होते, आणि ऐकूनही तेल घालतच राहिले. घरी काकू म्हणाल्या, “धाकटीला काहीतरी झालंय. रविवारी सारखी खोकत होती.”

“हवा बदललीय,” मास्तर म्हणाले.

बरं, मास्तर स्वतः धडधाकट. पंख्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कण येत नाही. वारा सगळं पुढे घेऊन जातो.

काल दिग्दर्शकानं त्यांना बोलावून सांगितलं होतं, “मास्तर, पाठीमागे लांब दिसणाऱ्या वादळाला नेहमीचंच पीठ. पण बाईंचं तोंड उघडं असणार, तेव्हा त्यांच्याजवळ मक्याचं उडवा. डॉक्टरांनी बजावलंय.” असं सहज म्हणाला, कुणी पायताण बाहेर काढा म्हणावं तसं. म्हणजे यांना ठाऊक होतं! कधीपासून, कोण जाणे. कॅमेऱ्यावरची माणसं दोन वर्षं जाडजूड मास्क घालून उभी असतात ते काय उगाच? मास्तरांनाही एक दिला होता. शेडकडे मात्र कुणी फिरकलं नव्हतं. मास्तर जाऊन मक्याच्या पिठाला रंग लावत बसले. अळीमिळी गुपचिळी. रंग मात्र अगदी एकसारखा जमला.

“उद्याचं वादळ फार मोठं आहे ना गं?” काकू विचारत होत्या. “सहा पोती… चाळायला घेतलीत म्हणे.”

“सगळ्यात मोठं. माझं शेवटचं ना.”

“मग तोंड आवळून धर. आमचं पीठ… दातांत कचकचत पण नाही. कळायच्या आत… आत जातं.” काकूंनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं.

“नाही काकू, मला नाही त्याची भीती. माझ्याजवळ ते मक्याचं…”

“चहा!” मास्तर जवळजवळ ओरडलेच. ट्रे घेऊन ते इतक्या झपाट्यानं आत आले की अर्धा चहा बश्यांत सांडला. “घ्या, घ्या. गार होतोय. बिस्किटं आणू का? तुमची गाडी खाली… फार गर्दी झालीय खाली. उशीर होईल तुम्हाला.”

“अहो, बसू द्या की तिला,” काकू म्हणाल्या. “एवढी कप्तान घरी आलीय आणि तुम्ही हाकलताय काय?” मग नटीकडे वळून, “मक्याचं? मक्याचं पीठ… भदाभदा पडतं. ते काय… वादळ आहे? मास्तर, तुम्ही बोलला नाहीत?”

“जवळच्या शॉटपुरतं,” मास्तर पुटपुटले. “तेवढंच.”

“त्यांचा दोष नाही, काकू,” नटी म्हणाली. बिचारी मास्तरांची बाजू सावरायला गेली. “कंपनीच्या डॉक्टरांनीच सांगितलं. दगडाची धूळ श्वासात गेली ना, की ती परत बाहेर येत नाही म्हणे. आत घर करते. हळूहळू मग श्वासच…”

ती काकूंकडे बघत होती. आधी खांदे, मग श्वास. मघापासून तासभर तिनं हेच तर टिपलं होतं. तिच्या हातातला कप ओठांपर्यंत गेलाच नाही.

यंत्राची घरघर तेवढी चालू होती. खालून पोरांच्या आरोळ्या येत होत्या.

“तुला माझ्याबद्दल… काय सांगितलं होतं?” काकूंनी विचारलं.

“दमा,” नटी अगदी हळू म्हणाली.

“हं. मला सूज सांगितली होती.”

काकूंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बशीतला चहा परत कपात ओतत होते. ते ओतणं संपलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

“अहो, कधी कळलं तुम्हाला?”

“मोठ्या दवाखान्यात.”

“म्हणजे वर्ष झालं.”

“तुला सहन होणार नाही म्हणून… मी म्हटलं, आता होणारं टळत नाही, मग उगाच तुझ्या जिवाला… तू एवढी त्यात रमायचीस गं. माझ्याच हातानं झालंय हे सगळं. कुठल्या तोंडानं सांगू?”

काकूंच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. त्या काहीतरी आठवत होत्या. बोटांची टोकं अंगठ्यावर फिरत होती, पीठ तपासताना फिरायची तशी. मग ती बोटं थांबली.

“धाकटी आत्ता कुठाय?” त्यांनी विचारलं.

मास्तरांनी कप बशीत नीट ठेवला.

“अहो, धाकटी कुठाय?”

“चाळणीवर,” मास्तर म्हणाले.

“फोन लावा.”

मास्तरांनी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. धाकटी उचलणार नाही हे त्यांना माहीत होतं. फोनमध्ये धूळ जाऊन तो बिघडू नये म्हणून शेडमधल्या बायका आपले फोन पिशवीत घालून दाराबाहेर अडकवून ठेवत. ही काळजी घ्यायलाही मास्तरांनीच शिकवलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन लावला तेव्हा पलंग करकरला. काकूंनी पाय खाली सोडले होते आणि त्या चपला चाचपत होत्या.

महिनाभर ही बाई न्हाणीघरापर्यंतसुद्धा कुणाला धरल्याशिवाय गेली नव्हती.

“अगं, काय करतेस! बस खाली. मी जातो ना. आत्ता जातो, हा बघ निघालो.”

“तुम्हाला जायचं असतं,” काकू म्हणाल्या, “तर मागेच गेला असता.”

आवाज चढवायला त्यांच्याकडे श्वास नव्हता. साधंच बोलल्या. पण मास्तर होते तिथं उभे राहिले, आणि शर्टाच्या बाहीत घातलेला हात तसाच अर्धा राहिला.

नटी उठली. तिनं पर्स खुर्चीतच टाकली आणि काकूंच्या काखेत हात घातला. “माझी गाडी आहे खाली,” म्हणाली. यंत्राची नळी दारापर्यंतच पुरत होती. मास्तरांनी कोपऱ्यातली लहान टाकी आणून नळी तिला जोडली. चावी लवकर फिरेना. काकू भिंतीला टेकून वाट बघत होत्या. घाई करा असंही म्हणाल्या नाहीत.

जिना दोन मजल्यांचा होता. काकू पायरीवर बसत, पुढच्या पायरीवर सरकत, पुन्हा बसत. पुढे नटी, मागे टाकी घेऊन मास्तर. पहिल्या मजल्यावर त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा नटी रडकुंडीला आली. “काकू, थांबा ना. ड्रायव्हरला पाठवते मी. तो सांगेल त्यांना.”

“ड्रायव्हरचं… ऐकणार नाही ती. माझंच… ऐकत नाही.” काकू कठडा धरून हसल्या. “द्वाड आहे. लहानपणापासून.” मग त्या कठड्याच्या एका गजाकडे बघत राहिल्या. नटीनं नजर दुसरीकडे वळवली. मघापासून जे शिकत होती ते आता तिला बघवेना.

खालच्या दारात पोचल्याबरोबर गर्दीनं जल्लोष केला. “कप्तान! कप्तान!” कुणी शिट्टी मारली. पन्नास फोन वर झाले. कप्तान एका म्हाताऱ्या बाईला आधार देऊन आणतेय, हे दृश्य लोकांना फारच आवडलं. एक पोरगी पुढं घुसून म्हणाली, “ताई, एक सेल्फी,” आणि नटीनं तिला कोपरानं बाजूला ढकललं. गर्दी आणखीच हसली. त्यांना तेही मालिकेतलंच वाटलं असावं.

काकू गाडीत बसल्या. मास्तर टाकी घेऊन वाकले आणि दुसऱ्या बाजूनं चढायला लागले.

“टाकी तिच्याकडे द्या,” काकू म्हणाल्या.

“मी येतो ना. मी सांगतो सगळ्यांना. तुझ्यासमोर सांगतो.”

“अहो, द्या.”

मास्तरांनी टाकी दिली. नटीनं ती मांडीवर घेतली. गाडी माणसांतून वाट काढत हळूहळू पुढं सरकली आणि कोपऱ्यावर वळली. गर्दीचं काम संपलं होतं, ती पांगली. जाताजाता एकानं मास्तरांना ओळखलं. “वादळमास्तर ना तुम्ही? उद्या खरंच मरते का हो ती?” मास्तर गाडी वळली त्या कोपऱ्याकडेच बघत होते. तो माणूस थोडा थांबून निघून गेला.

मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. शेड इथून काही लांब नव्हती. चालत निघाले असते तरी पोचले असते. खिशातला फोन वाजला.

“काय हो दाजी, एवढे फोन?” धाकटीचा आवाज. मागं चाळणीच्या यंत्राचा खडखडाट. “पाणी प्यायला बाहेर आले तर हे बघितलं. ताई बरी आहे ना?”

“आहे.”

“मग? केवढी घाबरले मी!” ती हसली, आणि हसता हसता खोकली. “बरं, ठेवते. दीड पोतं राहिलंय अजून. तुमचा तो दिग्दर्शक मंगळ उडवतो आणि कंबर आमची मोडते.”

“थांब,” मास्तर म्हणाले. “आत जाऊ नकोस.”

“का?”

मास्तरांनी श्वास घेतला. सगळं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलं होतं. वर्षभर रोज ते तोंडाशी येत होतं, त्यामुळे शब्द जुळवायचीही गरज नव्हती.

“का हो दाजी?”

“ताई येतेय तिकडे.”

“ताई? इकडे? वेडबीड लागलंय का तिला! जिना कशी उतरली? आणि तुम्ही येऊ दिलंत? काय झालंय काय?”

“ती सांगेल,” मास्तर म्हणाले.

पलीकडे हॉर्न वाजला. धाकटीनं फोन कानावरून काढला असावा, कारण तिचा आवाज लांब गेला. “अगंबाई, ताई! अगं, हळू. ही कोण? कप्तान…?” मग गाडीचं दार. मग बराच वेळ नुसता यंत्राचा खडखडाट. त्यात काकूंचे शब्द बुडून गेले होते. कधी एखादा वर यायचा. दगड. छातीत. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला, “काय म्हणतेय ती?” मास्तरांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

यंत्र बंद पडलं. कुणीतरी बंद केलं.

आता सगळं स्वच्छ ऐकू यायला हवं होतं, पण कुणीच काही बोलत नव्हतं. आणि मग कुणीतरी खोकायला लागलं. कोरडा, बारीक, थांबता थांबेना असा खोकला. दोघी बहिणींपैकी कुणाचा, हे मास्तरांना ओळखता येईना.